एकाच गाण्याचे दोन चौकोन

तुम्हाला जो आवाज ऐकू येत नाही, तो ऐकू येत नाही हे तुम्हाला कसं कळणार?

जरा थांबून उत्तर शोधा. ताप आला तर अंग सांगतं. डोळ्यांपुढे अंधारी आली तर अंधारी दिसते. कानाचं तसं नाही. एखादा आवाज निघून जातो आणि त्याच्या जागी काहीच उरत नाही, साधी पोकळीसुद्धा जाणवत नाही. आपण म्हणतो, आज शांत आहे.

मला हे टीबीच्या उपचारांत कळलं. कळलं तेही क्रोशाच्या दोन चौकोनांमुळे. हा अनुभव मी दया मिळवायला लिहीत नाही. माझ्यासारखं कुणाचं तरी औषध आत्ता चालू असेल, त्याच्या घरच्यांसाठी लिहिते आहे.

फोटो

मी समता. जळगावात मेहरूणला वाढले. वडिलांना आम्ही नाना म्हणतो. केळीच्या गाड्या भरणाऱ्या मजुरांच्या संघटनेचं काम त्यांनी जन्मभर केलं. आमच्या घरात पाळण्याच्या आधी पत्रकांचे गठ्ठे आले, असं आई म्हणते. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांच्या घड्या घालता घालता. 'लपवू नका', 'झुकू नका', 'अर्धवट सोडू नका'. घरात बोलायची रीतही तीच.

खोकला बरा होईना म्हणून छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाला धरला आणि माझ्याकडे न बघता आईला विचारलं, "मुलीचं लग्न झालंय का?"

"फुफ्फुस माझं आहे," मी म्हणाले. "मला सांगा."

"चिडू नकोस, सांगतो. टीबी दिसतोय."

पुढच्या तपासण्यांत कळलं की नेहमीच्या औषधांना दाद न देणारा प्रकार आहे. उपचार लांबचे, गोळ्या मूठभर. रिक्षात आई खाली बघत म्हणाली, "कोणी विचारलं तर निमोनिया सांगायचं."

"का? चोरी केली का तिने?" नाना म्हणाले.

"तुमचं भाषण गाडीवाल्यांना द्या. मला या गल्लीत राहायचं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी चहाच्या टपरीवर सगळ्यांना सांगून टाकलं. मुलीला टीबी आहे, औषध चालू होतंय, लाजण्यासारखं काही नाही. संध्याकाळी शेजारच्या वहिनींनी आपल्या दोन्ही मुलींना माझ्या शिकवणीला पाठवलं नाही. आई नानांशी बोलेनाशी झाली. नाना तत्त्वाने बरोबर होते आणि आई भीतीने बरोबर होती. पण आजार माझा होता, आणि सांगायचा की नाही हे मला दोघांनीही विचारलं नव्हतं. त्या घरात मला पहिल्यांदाच श्वास घ्यायला जड गेलं, आणि ते फक्त टीबीमुळे नव्हतं.

धुळे

उपचार धुळ्यात सुरू झाले. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण मला एका रुग्णालयाशी भांडायचं नाही. धुळ्यात अक्का राहते, म्हणजे माझी मोठी मावशी. भरतीचे सुरुवातीचे आठवडे संपल्यावर मी तिच्याकडे राहिले. खिडकी सदा उघडी, तोंडाला मास्क, आणि रोज सकाळी रुग्णालयाच्या बाकावर हजेरी. एक गोळी माझ्या हृदयाला मानवेना, म्हणून तिच्या जागी रोजचं इंजेक्शन आलं.

कमरेत गाठी व्हायच्या. बसताना कूस बदलावी लागायची. इंजेक्शन देणाऱ्या सिस्टर भल्या होत्या. रोज विचारायच्या, "ऐकायला नीट येतंय ना?"

"हो," मी म्हणायचे.

मी खोटं बोलत नव्हते. सिस्टरचा प्रश्न मला ऐकू येत होता, म्हणजे ऐकायला नीट येत होतं. सुरुवातीला माझ्यासाठी कानाची तपासणी लिहून दिली होती. त्या दिवशी मशीन बंद होतं. मग मला ताप चढला. मग ती तपासणी सगळ्यांच्याच डोक्यातून गेली.

तेव्हा माझं सगळं लक्ष थुंकीच्या तपासणीकडे होतं. अहवाल खराब आला की अक्काच्या घरी कुणी टीव्ही लावत नसे.

गाणं विणायचं कसं

अक्काने मला क्रोशाची सुई दिली तेव्हा मी तोंड वाकडं केलं. दिवाणखान्यातल्या टीव्हीवर घालायच्या जाळीदार रुमालांचा मला लहानपणापासून राग. बायकांनी डोळे फोडायचे आणि पाहुण्यांनी त्यावर चहाचा कप ठेवायचा.

"रुमाल नको करू," अक्का तिच्या अहिराणीत म्हणाली. "हातले काम दे. डोकं गप व्हई."

तापात मला वाचता येत नव्हतं. दोन ओळींनंतर अक्षरं पोहायला लागत. कानात मात्र दिवसभर एकच गाणं असायचं. मागच्या श्रावणात अक्काच्या गल्लीत कानबाई, म्हणजे आमच्या खानदेशातली देवी, बसली होती, तेव्हा बायकांनी म्हटलेल्या गाण्याचं रेकॉर्डिंग माझ्या फोनवर होतं. अक्का पुढे, बाकीच्या मागे, ढोलकी आणि छोटे टाळ. ते ऐकत साखळ्या घालता घालता मला वाटलं, हे गाणंच विणून बघू.

मग मी नियम केले. नियमांशिवाय मला काही करता येत नाही, तो घरचा वारसा. गाण्याची एक ओळ म्हणजे चौकोनाचा एक फेरा. ढोलकीचा जोराचा ठोका आला की उंच टाका, म्हणजे खांब. हलका आला की ठेंगणा, मुका खांब. गप्प जागा आली की नुसती साखळी, तिथे भोक राहतं. अक्काचा आवाज तांबडा, मागच्या बायकांचा हिरवा. बायका जिथे श्वास घेतात तिथे कोपरा. आणि टाळ वाजला की पिवळं बोंड. एकाच घरात बरेच खांब भरून वरून आवळले की कापसाच्या बोंडासारखा फुगीर टाका होतो, तो.

शेवटचा नियम सगळ्यात कडक होता. आधीच्या चौकोनाकडे बघून दुसरा करायचा नाही. प्रत्येक वेळी गाणं नव्याने ऐकायचं आणि जे ऐकू येईल तेवढंच विणायचं. नक्कल म्हणजे खोटेपणा, असं माझं ठाम मत होतं.

पहिला चौकोन वेडावाकडा झाला. एक कोपरा इतका ताणला गेला की अक्का हसली, म्हणाली, तुझ्या गाण्यात आमचा श्वास संपतच नाही. दुसरा बरा जमला. तांबड्या-हिरव्या फेऱ्यांमधून पिवळी बोंडं अशी उठून दिसत की अक्काने तो हाताने चाचपून पाहिला आणि नकळत गुणगुणायला लागली. त्या दिवशी मला आजारपणात पहिल्यांदा काहीतरी केल्याचा आनंद झाला. तो एवढ्याशा लोकरीने झाला, हे कबूल करायला मला जड जातं.

अक्काच्या गल्लीतल्या एका काकूंनी असाच एक चौकोन मागून नेला आणि मग तो प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवला. टीबी हवेतून पसरतो, लोकरीतून नाही. हे त्यांना सांगायला मी निघाले होते. अक्काने दारात अडवलं.

शमीम आपा

बाकावर माझ्या शेजारी रोज शमीम आपा बसायच्या. धुळ्याच्याच. घरात यंत्रमागाचं काम, त्यांना फक्त गोळ्या. मास्कमागून इतक्या बोलायच्या की सिस्टर त्यांना रेडिओ म्हणत. त्यांना माझ्या लोकरीची भीती नव्हती.

"ये मुझे दे," तो चांगला जमलेला चौकोन उचलून त्या म्हणाल्या. "आणि असाच अजून एक कर. उशीला दोन बाजू असतात, बेटा."

"दुसरा हुबेहूब होणार नाही. मी बघून करत नाही, ऐकून करते."

"तर ऐकून कर ना. गाना तो वही है."

गाणं तेच होतं. मधे बरेच आठवडे गेले होते, इंजेक्शनं चालू होती. मी जोडीचा चौकोन सकाळी खिडकीत बसून पूर्ण केला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना दिला. त्यांनी दोन्ही मांडीवर शेजारी ठेवले आणि दोन्हींवरून बोटं फिरवत राहिल्या. रेडिओ बंद पडला म्हणून सिस्टरनेही वळून पाहिलं.

"जोड मागितली होती मी," शेवटी त्या म्हणाल्या. "ये तो सौतेली बहन निकली."

ठोके तेच होते. तांबडा, हिरवा, कोपरे सगळं जागच्या जागी. पण आधीच्या चौकोनात पिवळी बोंडं फेऱ्याफेऱ्यांत होती आणि नव्यात एकही नव्हतं. बोंडांच्या जागी साखळ्या होत्या, साखळ्यांमुळे भोकं होती.

"पिवळी लोकर संपली का?"

"नाही."

"विसरलीस?"

"मी विसरत नाही," मी चिडून म्हणाले. "गाण्यात त्या जागी काही वाजतच नाही. आधीच्या वेळी मीच जास्तीची घातली असतील."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नवऱ्याला मागांच्या खडखडाटाने कमी ऐकू येतं, हे त्यांनी मला कितीदा तरी हसत सांगितलं होतं. त्या वेळी त्या हसल्या नाहीत.

"घर जाके किसी और को सुना," दोन्ही चौकोन माझ्या हातात परत देत त्या एवढंच म्हणाल्या.

अक्का ऐकते

मी इअरफोनला दोष दिला. मग फोनला. अक्का दळण निवडत होती. मी फोन तिच्यापुढे ठेवून गाणं लावलं आणि म्हणाले, "टाळ वाजला की हात वर कर."

अक्काने हात वर केला. खाली घेतला. पुन्हा वर केला. ती मजेत होती, तिचंच गाणं होतं. तिचा हात वर जात होता आणि मला तेव्हा फक्त ढोलकी ऐकू येत होती. मी तिच्या हाताकडे बघत राहिले. मला वाटलं ती गंमत करते आहे. मी आवाज वाढवला. ढोलकी मोठी झाली, बायका मोठ्या झाल्या, बाकी काही नाही.

"खरं सांग अक्का, आत्ता वाजला?"

"बठ्ठीकडे वाजी राहिना शे," ती म्हणाली, म्हणजे सगळीकडे वाजतोय. मग तिचा हात हवेतच राहिला. "तुले ऐकू येत नही का व?"

मी उठून देवघरातली छोटी घंटा आणली आणि कानाजवळ हलवली. ठण असा बोथट ठोका आला. त्यानंतर जी लांब किणकिण राहते, ती आली नाही. घंटा हातात थरथरत होती, बोटांना कळत होतं.

अक्काने सूप बाजूला ठेवलं. "उद्या सकाळी डॉक्टर बाईकडे. रडू नको."

मी रडत नव्हते. मी हिशेब करत होते. हे इंजेक्शन कानाला बाधतं, म्हणून तर सिस्टर रोज विचारायच्या. डॉक्टरांना सांगितलं तर इंजेक्शन बंद होईल. बंद झालं तर टीबी उलटेल का? नाही सांगितलं तर आज टाळ गेला, उद्या काय जाईल? अक्काचा आवाज?

अर्धवट सोडू नका

नानांना फोन केला. लगेच त्यांचा सभेतला आवाज लागला.

"समता, औषध थांबवायचं नाही. मी इतकी वर्षं मजुरांना हेच सांगत आलो. अर्धवट सोडलेलं औषध माणूस मारतं."

"मी सोडते म्हणत नाहीये. मी सांगते म्हणतेय."

"सांगितलं की ते थांबवतील."

"मग थांबवू देत. त्यांना दुसरं काही देता येत असेल तर?"

"आणि नसेल तर?"

आईने फोन नानांच्या हातातून घेतला. "मी येते सकाळच्या गाडीने," ती म्हणाली. "तोवर भांडू नका." मग हळूच, "फुफ्फुस राहिलं पाहिजे गं आधी."

ती सकाळी पोचली तेव्हा मी आणि अक्का निघालोच होतो. रुग्णालयात सिस्टरने सिरिंज भरलेली होती. माझी पाळी आली. मी बाकावरून उठले आणि म्हणाले, "आज डॉक्टरांना भेटल्याशिवाय घेणार नाही."

"समता, डोस चुकवायचा नसतो," सिस्टर म्हणाल्या.

"चुकवत नाही. आधी भेटू द्या. मग त्या म्हणतील तर दोन्ही बाजूंना टोचा."

मागची रांग कुरकुरली. कुणीतरी म्हणालं, शिकलेल्या पोरींचं हेच असतं. शमीम आपा त्या माणसाकडे वळल्या, "चाचा, आपको जल्दी है तो मेरी गोळी खा लो." रांग हसली. मी आत गेले.

काचेची खोली

डॉक्टर बाई तरुण होत्या, दमलेल्या. मी टेबलावर दोन्ही चौकोन ठेवले आणि सांगत सुटले. ठोका, साखळी, पिवळं बोंड. त्यांना काही कळेना. त्या घड्याळाकडे बघत होत्या. आई माझा दंड ओढत होती. तेव्हा अक्काने फोन पुढे केला.

"हाई ऐका बरं, बाई."

गाणं वाजलं. अक्का एक बोट बोंडांच्या चौकोनाच्या फेऱ्यावरून फिरवत होती, टाळ वाजला की बोंडाशी थांबायची. दोन ओळींत डॉक्टर बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी दुसरा चौकोन जवळ ओढला आणि त्यातल्या भोकांकडे पाहिलं. मग माझा कागद काढला आणि कानाच्या तपासणीचा अहवाल शोधला. तो नव्हता.

"आजचं इंजेक्शन थांबवा," त्या सिस्टरना म्हणाल्या. "आधी कान."

कानाची तपासणी एका बंद, काचेच्या खोलीत होते. डोक्याला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीचे जाड, भरीव आवाज आले, मी दाबत गेले. ते बारीक होत गेले. मग काही आलं नाही. मी वाट बघितली. काचेपलीकडे तपासणारा माणूस खाली बघून मशीनचं चाक फिरवत होता. म्हणजे तो आवाज पाठवत होता. मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता. त्याने पुन्हा चाक फिरवलं. माझं बोट बटणावर घामेजलं होतं. न ऐकता दाबावंसं वाटलं. दाबलं असतं तर अहवाल चांगला आला असता, आई हसली असती, उद्या इंजेक्शन चालू झालं असतं. मी बोट बटणावरून काढून मांडीखाली घातलं.

दोन्ही कानांतले उंच, बारीक आवाज गेले होते. बोलणं ऐकायला लागतात ते बहुतेक शाबूत होते. "अजून काही आठवडे असेच गेले असते तर बोलण्यालाही हात लागला असता," डॉक्टर बाई म्हणाल्या. गेलेलं परत येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांनी आईकडे नाही, माझ्याकडे बघून सांगितलं. मला त्याचं बरं वाटलं.

बाकावर नाना

दुसरं औषध मंजूर होऊन यायला वेळ लागला. ते दिवस सगळ्यात वाईट. बाकीच्या गोळ्या चालू होत्या, पण प्रत्येक खोकल्याला आई आणि अक्का एकमेकींकडे बघायच्या. मीही खोकला दाबायला लागले होते. स्वतःचा आजार स्वतःपासून लपवण्याचा तो प्रकार होता, आणि आईच्या निमोनियाचा मला राग आला होता.

नाना आले ते थेट रुग्णालयात. बाकावर बसले. मी त्यांना दोन्ही चौकोन दिले आणि गाणं लावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. नानांनी पूर्ण गाणं गप्प बसून ऐकलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"आपल्याकडे एक गाडी भरणारा होता," ते म्हणाले. "धरणगावकडचा. इंजेक्शनं चालू असताना म्हणायचा, नाना, कानात रातकिडे बोलतात. मी म्हणालो, बोलू दे, कोर्स पूर्ण कर."

"मग?"

"टीबी गेला. पण आता त्याला मागून गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही. बाकीचे त्याला खांद्याला धरून बाजूला करतात. आम्ही त्याची चेष्टा करायचो." त्यांनी चौकोनाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "मी त्याला चुकीचं सांगितलं नाही. अर्धंच सांगितलं."

मी त्यांच्याशी भांडायला तयार होऊन बसले होते. त्याची गरज राहिली नाही. जळगावला परतल्यावर ते आधी त्या माणसाच्या घरी गेले, असं आईने सांगितलं. काय बोलले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

नवीन औषध आलं. थुंकीचे अहवाल पुढे स्वच्छ येत गेले, आणि आता उपचार संपले आहेत. मी बरी आहे. कुकरची शिट्टी मला फुसकारल्यासारखी ऐकू येते. पाखरं बोलतात का, हे मला दुसऱ्याला विचारावं लागतं. शमीम आपांनी उशीला ते दोन्ही चौकोन तसेच शिवले, एका बाजूला बोंडं आणि दुसऱ्या बाजूला भोकं. कुठल्या बाजूवर डोकं ठेवता, असं मी विचारलं. "जिस दिन जो मर्जी," त्या म्हणाल्या.

तुमच्याकडे एक काम

औषध पूर्ण करा, ही गोष्ट आजही शंभर टक्के खरी आहे. माझं वाचून कुणी इंजेक्शन सोडलं तर माझं लिहिणं वाया गेलं. पण पूर्ण करा म्हणणाऱ्याने कानाकडे लक्ष ठेवा हेही म्हटलं पाहिजे. जो हे म्हणत नाही तो रोग्याला निम्म्यावर सोडतो, मग तो डॉक्टर असो, कार्यकर्ता असो की बाप.

म्हणून तुमच्या घरात, गल्लीत, कामावर कुणाला टीबीचं रोजचं इंजेक्शन चालू असेल तर त्याच्याबरोबर एकदा रुग्णालयात जा. त्याला ऐकू येतं का, असं त्याला विचारून परत येऊ नका, तो हो म्हणेल आणि त्याला ते खरंही वाटत असेल. डॉक्टरांना विचारा, याच्या कानाची तपासणी मशीनवर कधी झाली आणि पुढची कधी आहे. झाली नसेल तर ती करून घेतल्याशिवाय तिथून हलू नका. मशीन बंद आहे म्हणाले तर चालू मशीन कुठे आहे ते विचारा आणि त्याला तिथे घेऊन जा. हे पुढच्या महिन्यावर टाकू नका. त्याचं पुढचं इंजेक्शन उद्या सकाळी असेल, तर तुम्ही उद्या सकाळीच जा.